वाकून काढलेला फोटो

आमच्या शहापूरच्या घरात दाराच्या मागं कॅमेऱ्याचं एक स्टँड उभं आहे. त्याच्या माथ्यावरच्या दांडीला आता छत्र्या आणि बाजाराच्या पिशव्या अडकवलेल्या असतात. मुली म्हणतात, भंगारात दे. मी देत नाही आणि का देत नाही तेही सांगत बसत नाही. ज्यांच्यासाठी ते घेतलं ते नाहीत आणि ज्यांच्या एका फोटोसाठी घेतलं तेही नाहीत, पण स्टँड तीन पायांवर जसंच्या तसं उभं आहे. आज सांगते.

माझं लग्न ठरलं त्याला एक कॅमेरा कारण होता. हे ऐकलं की लोकांना वाटतं, फोटो बघून पसंत केली असेल. तसं काही नव्हतं. फोटो काढताना माणूस वाकतो, एवढ्यावरून ठरलं, असं निदान गाव समजत होतं.

माझं माहेर टोकावड्याच्या आतल्या अंगाला. मुख्य रस्त्यावर एसटीतून उतरायचं आणि पुढं चालत जायचं. बाबा भातशेती करायचे. बोलायला कमी, पण एकदा बोलले की मग तेच वाक्य वर्षभर पुरवायचे. नव्वदच्या दशकाची सुरुवात असेल, माझ्यासाठी एकाच हंगामात दोन स्थळं आली. पहिलं होतं भाताची गिरणी असलेलं, खात्यापित्या घरचं. पाहुणे येणार म्हणून मी पहाटे उठून अंगण सारवलं होतं. ती मंडळी जीप घेऊन आली आणि जीप थेट माझ्या ओल्या अंगणात घातली. मुलाचे वडील बुटांसकट ओटीपर्यंत आले, खुर्चीत बसले आणि पाय लांब केले. मी चहा घेऊन बाहेर आले तेव्हा माझं लक्ष मुलाकडं गेलंच नाही. मी चाकांच्या खुणा बघत होते. तो मुलगा दिसायला कसा होता ते मला आजही सांगता येणार नाही.

आठवड्याभरानं शहापूरचं स्थळ आलं, तेव्हाही मी पहाटे अंगण सारवलं. ही माणसं एसटीनं आली आणि फाट्यावरून चालत. मुलाच्या वडिलांचा शहापूरच्या बाजारात फोटोचा स्टुडिओ. पुढं मी त्यांना मामा म्हणू लागले, आमच्यात सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणतात, तेव्हा इथंही मामाच म्हणते. मामांच्या गळ्यात कॅमेरा होता. चौकोनी डबा, पुढं एकावर एक दोन भिंगं. जाणकार त्याला मीडियम फॉरमॅट म्हणतात. मामा त्याला 'एकशेवीसचा' म्हणायचे, कारण त्याला एकशेवीस नंबरचा रोल लागायचा, एका रोलमध्ये बारा फोटो. या कॅमेऱ्यात माणूस समोर बघत नाही. कॅमेरा पोटाशी धरायचा, वरचं झाकण उघडायचं आणि मान खाली घालून आतल्या काचेत बघायचं. समोरचा माणूस त्या काचेत दिसतो. हे सगळं मला नंतर कळलं. त्या दिवशी आमच्या घरात कुणाला ठाऊक असेल असं वाटलं नाही.

पोहे झाले, बोलणी झाली. मामा बाबांना म्हणाले, "तुमचा एक फोटो काढू का?" बाबा टोपी नीट करून दारापुढं उभे राहिले. मामा समोर जाऊन उभे राहिले आणि वाकले.

बाबा दचकले. आमच्या भागात मुलीच्या बापानं वाकायचं, मुलाच्या बापानं मान वर ठेवायची. आणि इथं मुलाचा बाप कमरेत वाकून उभा! बाबांनी घाईघाईनं हात जोडले आणि त्याहून खाली वाकले. मामांनी मान वर केली, म्हणाले, "असं नाही, सरळ उभे राहा," आणि पुन्हा वाकले. बाबा पुन्हा वाकले. भात सडताना दोन बाया आळीपाळीनं मुसळ उचलतात, तसं दोघांचं चाललं होतं. मी दाराआड पदर तोंडात कोंबून उभी. शेवटी मामांनी नाद सोडला आणि जोडलेल्या हातांसकट फोटो काढून टाकला.

निघताना मामांच्या चपला दारात सापडेनात. सगळ्यांनी शोधल्या. कुत्र्यानं नेल्या म्हणून माझ्या भावानं कुत्र्याला शिव्याही घातल्या. चपला अंगणाच्या कडेला, बांधाजवळ होत्या.

पाहुणे वळणाआड गेले न गेले तोच बाबांनी आईला सांगितलं, "इथंच द्यायची पोर. मुलाचा बाप असून वाकला." हे वाक्य मग त्यांनी गावभर पुरवलं. पाणवठ्यावर, भजनात, टोकावड्याच्या बाजारात. गिरणीवाल्यांना सोडून फोटोवाल्यांकडं का दिली, असं कुणी विचारलं की बाबा एवढंच म्हणत, "वाकला." माझ्या लग्नात गावातल्या एका म्हाताऱ्यानं माइक हातात घेऊन सगळ्या मांडवाला ते ऐकवलं. मामा मुंडावळ्या बांधलेल्या मुलाशेजारी उभे होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

लग्नानंतर पहिल्याच महिन्यात मी स्टुडिओत जायला लागले. नवरा आसनगावला कंपनीत नोकरीला, घरात आत्या कुणाला स्वयंपाकात हात लावू देत नसत, मग मी करणार काय? मामांनी मला डार्करूमचं काम शिकवलं, फोटोंवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशनं भरायला शिकवलं. एक दिवस कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, "बघ तर." मी समोर धरून एका भिंगाला डोळा लावला. ते म्हणाले, "अगं, वरून बघायचं. मान खाली." मी मान खाली घातली, काचेत बाजारपेठ उजेडात दिसली, आणि त्याच क्षणी मला आमचं अंगण आठवलं. म्हणजे हा माणूस वाकला नव्हता! तो काचेत बघत होता!

हसू आलं आणि धडकीही भरली. बाबांनी अख्ख्या गावात ज्याच्यावर मिरवून घेतलं ते हे असं निघालं. मी कुणालाही बोलले नाही. नवऱ्यालाही नाही. माहेरी गेले की बाबा कुणातरी नव्या माणसाला ते सांगत असायचे आणि मी उठून चुलीपाशी जायची.

मामांचा फिरतीचा धंदा मोठा होता. सापगाव, किन्हवली, तिकडं मुरबाडात सिद्धगडाच्या पायथ्याच्या वाड्यांपर्यंत ते जायचे. म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढायला त्यांनाच बोलावत. आणि बाबांनी केलं तेच सगळीकडं घडायचं. मामा कॅमेऱ्यात बघायला मान खाली घालत आणि समोरची म्हातारी हात जोडी. रंगीत फोटोवाले पोरगे अशा वेळी ओरडत, "आजी, हात खाली." मामा ओरडायचे नाहीत. थांबायचे. हात खाली आले तर ठीक, नाही आले तर तसाच फोटो. स्टुडिओतल्या जुन्या प्रिंट बघितल्या तर दोन तालुक्यांतली म्हातारी माणसं हात जोडून उभी आहेत. मला त्या प्रिंट फार आवडत.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा मामांचे हात थरथरायला लागले. आधी चहाची बशी वाजायला लागली. मग शर्टाची बटणं आत्या लावून द्यायला लागल्या आणि वर म्हणायच्या, "म्हातारपणी लाड करून घेताय." मामा हसायचे. आम्ही सगळे ते हसण्यावारी नेत होतो, कारण दुसरं काय करायचं ते माहीत नव्हतं.

माझ्या धाकट्या मुलीच्या बारशाला बाबा आले होते. त्यांना नुकताच हृदयाचा त्रास सुरू झाला होता. डॉक्टरांनी शेतात जायला, चढ चढायला बंदी केली होती. चेहरा उतरला होता, तरी टोपी नवी घातली होती. मामांनी अंगणात उभं करून त्यांचे फोटो काढले. बाबांनी अर्थातच हात जोडले. दोन दिवसांनी मी रोल धुतला. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कागदावर बाबा उमटायला लागले. नाकाला दोन कडा, डोळ्यांना दोन कडा, जोडलेल्या हातांची नुसती सावली. दुसरा फोटो केला, तिसरा केला. सगळे हललेले. मामा मागं उभे होते. त्यांनी निगेटिव्ह उचलून भिंगाखाली धरलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाले, "कागद वाया घालवू नकोस."

पण बाबांनी फोटो मागितला. पुढच्या वेळी आले तेव्हा हट्टच धरला. मामांनी आतून त्यातल्या त्यात बरा होता तो आणून दिला. बाबांनी तो उजेडात नेला, लांब धरला, जवळ धरला. मग मामांच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "मीच हाललो असन. आमाला कुठं सवय हाय सरळ उभा ऱ्हायाची."

बाबा गावी परतल्यावर मामा मला म्हणाले, "पोरी, तुझ्या बाबांचा एक फोटो मी नीट काढणार. माझ्या हातानं. त्याच्यानंतर हा कॅमेरा ठेवून दिला तरी चालेल." त्यांच्या हाताकडं मी बघितलं. आणि बाबांकडं किती वेळ होता, ते डॉक्टरांनी सांगितलं नव्हतं, पण बाबांचा श्वास ऐकून मला कळत होतं.

मी म्हटलं, "मामा, स्टँड घ्या." ते म्हणाले, "स्टँड व्हिडिओवाल्यांना." मी म्हटलं, "मग तुम्ही बसा तुमची ऐट सांभाळत आणि माझे बाबा बसू देत वाट बघत." सासऱ्याशी असं बोलायची पद्धत नाही. आत्या आतून "अगो बाई" म्हणाल्या. मामा मात्र गप्प बसले, म्हणजे तयार झाले.

स्टँडचे पाय कुठलेही चालतात, खरा प्रश्न असतो तो वरच्या हेडचा. कॅमेरा ज्याच्यावर बसतो आणि वळतो ते हेड. हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. नवऱ्यानं कल्याणहून एक स्टँड आणलं, हलकं, चकचकीत, घडी करून पिशवीत मावणारं. त्याचं हेड प्लास्टिकचं. एकशेवीसचा कॅमेरा त्याच्यावर बसवला आणि त्यानं हळूहळू मान खाली टाकली. कितीही आवळलं तरी तेच. पहिल्या रोलमध्ये आत्यांची फक्त पावलं आली. आत्या म्हणाल्या, "निदान जोडवी तरी दिसली."

मग मुंबईहून दुसरं आणलं. ते गोळ्याचं हेड होतं. खोबणीत लोखंडी गोळा, गोळ्यावर कॅमेरा, एकच स्क्रू. दुकानदारानं नवऱ्याला सांगितलं होतं, एक स्क्रू सैल केला की कॅमेरा पाहिजे तसा फिरतो. खरंच फिरायचा. मामांनी थरथरत्या बोटांनी स्क्रू सैल केला आणि एवढा जड कॅमेरा एकदम कलंडला. त्याला धरायला गेले तर त्यांचं बोट कॅमेरा आणि हेडच्या मध्ये चेमटलं. त्यांनी बोट सोडवून घेतलं, तोंडात धरलं, दुसऱ्या हातानं भिंगावरची धूळ पुसली. कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये घातला आणि केसचं बक्कल लावायला लागले. ते बक्कल त्यांना लागेना. मी पुढं होऊन लावलं. ते म्हणाले, "बास झालं, पोरी."

मी डार्करूममध्ये जाऊन रडले. तिथं रडायचं बरं असतं, कुणी दार उघडत नाही.

त्यानंतर कितीतरी दिवस मी मामांचे हात बघत होते. बोटांनी धरायची वस्तू आली की हात थरथरायचा. नाणं, बटण, स्क्रू. पण सायकलचं हँडल, छत्रीची मूठ, हातपंपाचा दांडा, असं काही मुठीत घट्ट धरलं की थरथर बरीच थांबायची. मला वाटलं, मग हेडला स्क्रू कशाला, दांड्याच पाहिजेत! मामांना विचारलं, असं हेड असतं का? ते म्हणाले, "पूर्वी असायचं. बिडाचं. आता कोण वापरतो?"

मुरबाडला मामांच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या फोटोवाल्यानं धंदा बंद केला होता. माहेरी जाताना मी त्यांच्याकडं डोकावले. हेड होतं. त्यांच्या मागच्या दाराला वाऱ्यानं आपटू नये म्हणून टेकण लावून ठेवलं होतं. ते म्हणाले, "घेऊन जा गो, पण दाराला लावायला दगड आणून दे." मी अंगणातून चांगला दगड निवडून आणून दिला. हेड पिशवीत घातलं तेव्हा पिशवीचा बंद तुटला, इतकं जड होतं.

मुंबईच्या स्टँडचं गोळ्याचं हेड काढून त्याच्या पायांवर हे बसवलं. त्याला तीन दांड्या होत्या. एक कॅमेरा डावीकडे-उजवीकडे वळवायची, एक त्याला मान हलवायला लावायची, वरखाली. दोन्ही मुठीत मावणाऱ्या, आणि एक सैल केली तरी दुसरी दिशा घट्टच राहायची. कॅमेरा कलंडायचा प्रश्नच नाही. तिसरी दांडी कॅमेरा कुशीवर आडवा करायची, आणि मामा काचेत बघायला वाकले की नेमकी त्यांच्या पोटात घुसायची. मी म्हटलं, "मामा, आपला फोटो चौकोनी. चौकोनाला आडवं काय आणि उभं काय? ही काढूनच टाकू." मामा बघत राहिले. मग म्हणाले, "इतकी वर्षं मलाही सुचलं नाही. स्टँड वापरलं असतं तर सुचलं असतं." ती तिसरी दांडी आजही आमच्या स्वयंपाकघरात आहे, खलबत्ता हरवल्यापासून आलं ठेचायला.

आता राहिला तळाचा स्क्रू. हेडचा स्क्रू जाड आणि कॅमेऱ्याच्या बुडाचं भोक बारीक. मुरबाडला कारखान्यांच्या रस्त्यावर एक लेथवाला होता, त्यानं बारीक आट्यांचा नवा स्क्रू काढून दिला. पण तो अंमळ लांब झाला. पूर्ण फिरवला असता तर कॅमेऱ्याच्या पोटात टोचला असता. लेथवाला म्हणाला, मध्ये चामड्याचा वायसर टाका, आणि त्यानंच एका जुन्या चपलेच्या तळव्याचा गोल कापून दिला. मी खूश होऊन घरी आणला. आत्यांनी बघितला आणि परातीतली कणीक तशीच टाकून बाहेर आल्या.

"दसऱ्याला हळदकुंकू वाहतो आपण त्याला. झेंडूची माळ घालतो. आणि त्याच्या बुडाला चप्पल लावता?"

मी म्हटलं, चामडं ते चामडं. आत्या म्हणाल्या, "मग माझ्या देवघरात पण ठेव पायताण." मामा आत गेले आणि आपला जुना कमरेचा पट्टा घेऊन आले. त्याचा तुकडा कापला, गोल केला, मध्ये भोक पाडलं. तो बरोबर बसला. आत्यांनी त्याच्यावरही हळद लावली, पट्ट्याचं काय सांगावं म्हणून.

एक लांब केबल मामांच्या कपाटात पडून होती, तिचं एक टोक कॅमेऱ्याला लावायचं आणि दुसरं टोक मुठीत धरून अंगठ्यानं दाबायचं. हात हलला तरी कॅमेरा हलत नाही. मागच्या दारी शेवग्याच्या झाडाचे फोटो काढून बघितले. मी रोल धुतला, प्रिंट केली. शेवग्याची पानं एकेक सुटी दिसत होती. मामा भिंगातून बघत राहिले, मग भिंग माझ्या हातात देऊन खुर्चीत बसले आणि डोळे पुसायला लागले. मी म्हटलं, "फोटो धुवायच्या हायपोचा वास लागला असेल." ते म्हणाले, "हो, तेच."

मी आनंदात होते आणि मग एकदम माझ्या डोक्यात दुसरंच आलं. कॅमेरा हातात असला की मामा समोरच्या माणसापुढं वाकल्यासारखे दिसायचे. स्टँडवर कॅमेरा ठेवून, दांड्या फिरवून, झाकण उघडून त्यात डोकं घालणारा माणूस कुणापुढं वाकतोय ते आंधळ्यालाही दिसेल. बाबांना दिसणारच. इतकी वर्षं ज्या एका गोष्टीवर त्यांनी मान ताठ ठेवली ती त्यांच्या अंगणात, त्यांच्या डोळ्यांपुढं, मी शोधून आणलेल्या हेडमुळं खोटी ठरणार होती. आणि बाबांचं हृदय असं. मी जीव टांगणीला लावून घेतला, पण फोटो नको असं म्हणणं शक्य नव्हतं.

दिवाळी झाली, भाताची झोडणी उरकली आणि आम्ही निघालो. मामा, मी आणि गोधडीत गुंडाळलेलं स्टँड. सापगाववरून मुरबाड, मुरबाडला गाडी बदलून टोकावडं. कंडक्टरनं गोधडीकडं बघून विचारलं, "काय गो ताई, पेशंट हाय का?" मामा म्हणाले, "होता. आता बरा आहे." मला हसू आलं.

वहिनीनं सकाळीच अंगण सारवलं होतं. बाबा ओटीवर बसले होते, नव्या टोपीत, फारच बारीक झालेले. मी धावत आत गेले. मामा मागून सावकाश आले. स्टँड उघडण्याआधी त्यांनी त्याच्या पायांची टोकदार लोखंडी टोकं बघितली, अंगण बघितलं आणि वहिनीला म्हणाले, "तीन करवंट्या आहेत का घरात?" करवंट्या आल्या. त्यांनी त्या पालथ्या मांडल्या आणि एकेका करवंटीवर स्टँडचा एकेक पाय ठेवला. मी त्यांना स्टुडिओच्या कामात इतकी वर्षं बघत होते, पण हे पहिल्यांदाच बघितलं. सारवणाला ओरखडाही गेला नाही.

बाबांना भावानं धरून दारापुढं आणलं. त्यांनी भावाचा हात सोडवला आणि दाराच्या खांबाला पाठ लावून स्वतःच उभे राहिले. मामांनी एक दांडी मुठीत धरून कॅमेरा वळवला. दुसरी धरून जरा वर केला. झाकण उघडलं. बाबा सगळं बघत होते, एकेक गोष्ट, लहान पोरागत. मी तुळशीला टेकून उभी होते.

मामा वाकले. स्टँडपुढं, कॅमेऱ्यावर, त्यांचं टक्कल तेवढं बाबांच्या दिशेला. लपवायला काही उरलं नव्हतं.

बाबांनी हात जोडले.

मामा थांबले. नेहमी थांबायचे तसे. बाबांचे हात खाली आले नाहीत. मामांनी केबल दाबली. रोल फिरवला, पुन्हा दाबली. मग त्यांनी केबल सोडली, झाकण बंद केलं आणि स्टँडच्या मागून निघून बाबांच्या पुढं येऊन उभे राहिले. हातात काही नव्हतं. आणि ते खरोखर वाकले, दोन्ही हात बाबांच्या पायाशी नेऊन. हात थरथरत होते.

"व्याही, त्या वेळी मी वाकलो तो कॅमेऱ्यासाठी. तुमच्या मांडवात माइकवर ऐकलं तेव्हापासून सांगायचं होतं. तोंड झालं नाही. हे आजचं मात्र तुम्हाला."

आमच्यात मुलाच्या बापानं मुलीच्या बापाच्या पायाला हात लावलेला मी ना त्याच्या आधी बघितला, ना नंतर. वहिनीनं तोंडावर हात ठेवला. मला वाटलं, आता बाबा खाली बसतील. बाबांनी खाली वाकून मामांचे ते थरथरते हात आपल्या दोन्ही हातांत पकडले आणि त्यांना उभं केलं. पकडलेले हात सोडले नाहीत. दम लागला होता, थांबून थांबून बोलले.

"म्हाईत हाय मला. तवाच म्हाईत व्हता. येडा हाय का मी? काचंत बघत व्हता तुमी."

माझा आवाज माझ्याही आधी बाहेर पडला. "मग बाबा, गावभर कशाला सांगत फिरलात?"

बाबा माझ्याकडं बघून हसले. त्या आजारपणात ते इतकं हसलेले मी बघितले नव्हते.

"लोकांना सांगाया काय तरी लागता ना गो. दोनी येळंला तू पहाटंला अंगन सारवला व्हतास. तो आदीचा जीप घेऊन आत आला. ह्यांनी कडेला चपला काढल्या, वल्या अंगनातून अनवानी आले, कडंकडंनी. तवाच ठरवला. आता चपलावरून पोर दिली असा गावात कसा सांगायचा? वाकला म्हनलो."

बाबांनी मामांचे हात अजून धरलेलेच होते आणि ते हात आता थरथरत नव्हते. मी वळून अंगणाच्या कडेला बघितलं. मामांच्या चपला तिथंच होत्या, बांधाजवळ, एकीला एक लावून ठेवलेल्या.